हिमालय किती उंच, किती वाढतो? अर्वाचीन वली पर्वतांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हिमालय दरवर्षी वाढतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. त्यातल्या 'वाढतो' या एका शब्दात मात्र दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. जमिनीखालचा खडक वर उचलला जाणे ही एक गोष्ट आणि शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची वाढणे ही दुसरी. पहिली सतत चालू असली, तरी दुसरी तिच्या प्रमाणात घडेलच असे नाही. खालच्या बहुतेक प्रश्नांतला गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून ही फोड सुरुवातीलाच केलेली बरी.

'अर्वाचीन' वली पर्वत म्हणजे किती वर्षांचा पर्वत?

वली म्हणजे घडी; खडकांच्या थरांना घड्या पडून उभा राहिलेला पर्वत तो वली पर्वत. भूशास्त्रात तारुण्यही कोटींत मोजतात. भारतीय भूखंड आशियाला येऊन भिडला, त्याला सुमारे ५ कोटी वर्षे झाली, आणि तरीही हिमालयाला आपण तरुणच म्हणतो. त्याच्या शेजारी अरवली ठेवली, की हा शब्द पटतो. तिच्या घड्या १०० कोटी वर्षांहूनही जुन्या आहेत आणि तिचे सर्वोच्च शिखर, अबूजवळचे गुरुशिखर, आज १,७२२ मीटरच भरते. मात्र केवळ वर्षांच्या आकड्यावरून तारुण्य ठरवण्यापेक्षा, ज्या रेट्याने घड्या पडल्या तो रेटा अजून चालू आहे का, हे पाहणे मला अधिक योग्य वाटते. हिमालयाच्या बाबतीत तो चालू आहे. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि त्यातले जवळपास २ सेंटिमीटर एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात दाबले जातात. बाकीचे तिबेट आणि त्यापलीकडचा प्रदेश सोसतो.

सतरंजी ढकलल्यावर सुरकुत्या पडतात, तसाच हिमालय तयार झाला का?

सुरुवातीला समजण्यापुरते हे उदाहरण चालते, पण ते फार ताणू नये. सतरंजी तुटत नाही, तिला म्हणण्यासारखे वजन नसते आणि तिच्या सुरकुत्या जागच्या जागी राहतात. हिमालयातले थर दुमडले, दुमडता दुमडता तुटले आणि तुटलेले भले मोठे तुकडे एकमेकांवर चढले. कौलारू घराचे छप्पर ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना मंगळुरी कौलांची मांडणी आठवेल. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडे चढलेले असते. हिमालयात दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना असेच होते. आधी शिवालिकच्या टेकड्या, त्यांच्यावर चढलेला लघु हिमालय आणि त्याच्यावर चढलेला बृहद् हिमालय, आणि या दर दोन पट्ट्यांच्या मध्ये एकेक मोठा भ्रंश, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात अशी भेग. हे सगळे भ्रंश खोलवर जाऊन उत्तरेकडे हळूहळू उतरत जाणाऱ्या एकाच पृष्ठाला मिळतात आणि त्या पृष्ठाखाली भारताची भूमी आजही शिरते आहे. तेव्हा 'वली पर्वत' हे नाव रूढ असले, तरी हिमालयाच्या उंचीचा मोठा वाटा या एकावर एक चढलेल्या तुकड्यांचा आहे.

हिमालय दरवर्षी नेमका किती वाढतो?

सगळ्या हिमालयाला लागू पडेल असा एकच आकडा नाही. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत नेपाळच्या उंच पट्ट्यातील काही ठिकाणे वर्षाला ५ मिलिमीटर किंवा त्याहून थोड्या अधिक वेगाने वर येताना दिसतात. खुद्द एव्हरेस्टच्या परिसरासाठी २०१५ पूर्वीच्या दहा वर्षांत चिनी मोजणीतून वर्षाला सुमारे ३ मिलिमीटर इतका वेग मिळाला होता. दक्षिणेच्या मैदानात हा वेग जवळपास शून्यावर येतो. शिवाय हे सगळे आकडे काही वर्षांच्या निरीक्षणाचे आहेत, आणि तेही बहुतांशी दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या शांत काळातले.

वर्षाला ५ मिलिमीटर म्हटले, तर ५ कोटी वर्षांत हिमालय २५० किलोमीटर उंच व्हायला हवा होता. तो ९ किलोमीटरही का नाही?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती फक्त जमेची बाजू धरण्यात.

पर्वत जन्मल्या दिवसापासून झिजत असतो. पाणी खडकाच्या भेगांत शिरून गोठते व भेग रुंदावते, हिमनदी दरीचा तळ खरवडते, मोसमी पावसात दरडी कोसळतात आणि नदी तो सगळा राडारोडा उचलून खाली नेते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ वाहून आणतात. त्यातला काही मैदानात पसरतो, काहीने बांगलादेश आणि पश्चिम बंगालचा त्रिभुज प्रदेश घडवला, आणि उरलेला बंगालच्या उपसागराच्या तळाशी जाऊन बसतो. तिथे साचलेला गाळाचा पंखा सुमारे ३,००० किलोमीटर लांब असून काही ठिकाणी त्याची जाडी १६ किलोमीटरच्या वर जाते. एव्हरेस्टच्या उंचीची ही जवळजवळ दुप्पट झाली. गुणाकारातला हरवलेला हिमालय शोधायचा असेल, तर तो श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत समुद्राखाली पसरलेला आहे.

दुसरी बाब अशी, की आजचा वेग पाच कोटी वर्षे सतत होता असे धरता येत नाही. टक्कर होण्यापूर्वी भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे धावत होता. टकरीनंतर तो वेग एक तृतीयांशावर आला. उचल कधी एका पट्ट्यात झाली, कधी दुसऱ्या. आज आपल्याला दिसणारी उंची म्हणजे या सगळ्या जमाखर्चातली आजच्या दिवसाची शिल्लक आहे.

पर्वतशिखरावर समुद्रातील जीवांचे अवशेष सापडतात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि त्यासाठी एव्हरेस्टवर चढायचीही गरज नाही. अनेक मराठी घरांच्या देवघरात पुरावा ठेवलेला असतो.

शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथच्या परिसरात सापडतो. एखादा शाळिग्राम फुटलेला असला, तर आत चक्राकार वळसे आणि त्यांवर बाहेरच्या बाजूस जाणाऱ्या बारीक धारा स्पष्ट दिसतात. हे वळसे म्हणजे अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या उत्तरेला असलेल्या टेथिस समुद्राच्या तळावरच्या चिखलात तो गाडला गेला, चिखलाचा काळा खडक झाला, खडक टकरीत उचलला गेला आणि नदीने तो फोडून आपल्या हाती दिला. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून बसणारा हा काळा गोटा हिमालयाची सबंध कथा पोटात घेऊन बसलेला असतो, असे म्हटले तर त्यात श्रद्धेचा अवमान होतो असे मला वाटत नाही.

एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक याहून कितीतरी जुना, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातही ट्रायलोबाइट व सागरकमळ या समुद्री प्राण्यांचे तुकडे आढळतात. खडकाचे वय आणि पर्वताचे वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. खडक जुना, पर्वत नवा.

एव्हरेस्टची उंची दर काही वर्षांनी बदलते, ती वाढ झाल्यामुळेच ना?

नाही. बदलली ती मोजण्याची रीत.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात 'शिखर १५' या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या शिखराची निरीक्षणे बिहारच्या मैदानातून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून घेतली गेली, कारण सर्वेक्षकांना नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. त्या निरीक्षणांवरून राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये गणित मांडले आणि हे जगातले सर्वोच्च शिखर असल्याचे दाखवून दिले. १८५६ मध्ये २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर ही उंची जाहीर झाली. हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतात आणि दूरचे शिखर आहे त्याहून वर दिसते. त्या काळातल्या अचूकतेच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण हीच होती. १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण खात्याने जवळून मोजून ८,८४८ मीटर हा आकडा दिला. आता हिशेब करून पाहावा. ही ८ मीटरची तफावत खरोखर वाढीची मानली, तर एका शतकात शिखर वर्षाला ८ सेंटिमीटर वेगाने वाढले असे म्हणावे लागेल, आणि एवढा वेग कुठल्याच पर्वताला नाही. शंभर वर्षांत होणारी खरी उचल काही डेसिमीटरांच्या पलीकडे जात नाही.

पुढे १९९९ मध्ये अमेरिकी पथकाने ८,८५० मीटर सांगितले. चीनने २००५ मध्ये ८,८४४.४३ मीटर सांगितले, ते बर्फाची जाडी वजा करून उरलेल्या खडकाच्या माथ्याचे होते. नेपाळने २०१९ मध्ये आणि चीनने २०२० मध्ये नव्याने मोजणी केली व ८ डिसेंबर २०२० रोजी दोघांनी मिळून ८,८४८.८६ मीटर ही बर्फासह उंची जाहीर केली. आज हाच आकडा लिहावा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी जुन्या पुस्तकातला ८,८४८ पाहून गोंधळून जाऊ नये. तो चुकीचा ठरलेला नाही, फक्त दशांश चिन्हापुढे नेमका झाला आहे.

महाराष्ट्राशी या मोजणीचा एक धागा जोडलेला आहे. हे महासर्वेक्षण दक्षिणेतून सुरू करून उत्तरेकडे नेणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये काम चालू असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले आणि त्यांची कबर तिथेच आहे. पुढे त्यांचे काम हाती घेतले, ते जॉर्ज एव्हरेस्ट यांनी.

समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना 'समुद्रसपाटीपासून' उंची कशी मोजतात?

हिमालयाखाली समुद्राचे पाणी एखाद्या कालव्याने आणले असते, तर ते ज्या पातळीवर स्थिर राहिले असते, ती पातळी गणिताने काढतात. तिला जिऑइड म्हणतात. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसल्यामुळे ही पातळी गुळगुळीत नसते, आणि म्हणून गुरुत्वमापनाशिवाय उपग्रहाचा आकडा अपुरा ठरतो.

पर्वताला झाडासारखे मूळ असते, ही कल्पना कुठून आली?

एका ओळंब्याच्या चुकीतून. उत्तर भारतातील कालियाना आणि मध्य भारतातील कल्याणपूर या दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवर मोजून आणि ताऱ्यांच्या निरीक्षणावरून, अशा दोन रीतींनी काढले असता, दोन उत्तरांत सुमारे ५ सेकंद कोनाचा (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक आला. गवंड्याचा ओळंबा सरळ खाली लोंबतो. पण शेजारी हिमालयासारखा प्रचंड भार असेल तर तो त्या बाजूला किंचित ओढला जातो आणि ताऱ्यांची मोजणी तेवढी चुकते. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे गणिती होते. त्यांनी हिमालयाचे वस्तुमान धरून आकडेमोड केली, तर फरक १५ सेकंदांहून अधिक यायला हवा होता. म्हणजे ओळंबा अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश ओढला गेला होता. दिसायला एवढा मोठा पर्वत, आणि ओढ इतकी कमी!

१८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा सुचवला. पाण्यात तरंगणाऱ्या हिमनगाप्रमाणे पर्वताचा हलका खडकही खालच्या जड प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या थरात, खोल बुडालेला असतो. वरच्या वाढीव भाराची भरपाई खालचे हलके मूळ करते. पुढे भूकंपलहरींवरून हे मूळ खरोखर दिसून आले. सपाट भूखंडाखाली कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. हिमालय आणि तिबेटखाली ते ७० किलोमीटरच्या आसपास भरते. वर दिसणाऱ्या प्रत्येक किलोमीटरमागे खाली पाच-सहा किलोमीटरचे मूळ असते.

मग झीज झाली की पर्वत उलट वर येतो, असे म्हणतात ते याच कारणाने का?

होय. भरलेल्या होडीतून पोती उतरवली की होडी वर येते. पर्वताच्या सबंध पट्ट्यावरून सरासरी १ किलोमीटर खडक खरवडून निघाला, तर खालचे मूळ वर येऊन त्यातली ८०० मीटरहून अधिक घट भरून काढते. आता झीज सगळीकडे सारखी न होता मुख्यतः दऱ्यांमध्ये झाली, तर भार कमी झाल्यामुळे दऱ्यांच्या दरम्यानची शिखरे मात्र आधीपेक्षा उंच होतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एव्हरेस्टजवळून वाहणाऱ्या अरुण नदीबद्दल हेच मांडले आहे. सुमारे ८९,००० वर्षांपूर्वी कोसीच्या नदीप्रणालीने अरुणचे पाणी आपल्याकडे वळवून घेतले, वाढलेल्या प्रवाहाने खोल दरी कोरली आणि त्या हलकेपणामुळे एव्हरेस्टला १५ ते ५० मीटरची जादा उंची मिळाली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हा हिशेब प्रतिमानावर आधारलेला आहे आणि त्याचा पल्लाही मोठा आहे. परंतु एव्हरेस्ट आपल्या पाठोपाठच्या शिखरांहून अडीच-तीनशे मीटर वर का आहे, या प्रश्नाचा थोडा तरी भाग तो सोडवतो.

मोठ्या भूकंपात हिमालय वाढतो की खचतो?

दोन्ही, वेगवेगळ्या ठिकाणी. भारताची भूमी ज्या पृष्ठावरून हिमालयाखाली शिरते, ते पृष्ठ दक्षिणेकडे घट्ट अडकलेले असते. दशकानुदशके रेटा साचत जातो आणि मागचा उंच भाग धनुष्यासारखा ताणला जाऊन हळूहळू वर येतो. उपग्रहांना दिसणारी वार्षिक उचल बरीचशी हीच असते. मग एके दिवशी अडकलेला भाग सुटतो. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील ७.८ क्षमतेच्या भूकंपात काठमांडूचे खोरे अवघ्या काही सेकंदांत सुमारे १ मीटर वर आले, तर त्याच्या उत्तरेचा लांगटांगकडील उंच प्रदेश अर्ध्या मीटरहून अधिक खाली गेला. नऊ हजारांच्या आसपास माणसे या काही सेकंदांमुळे दगावली, हेही लिहायला हवे. मिलिमीटरांच्या भाषेत ते सहज विसरले जाते. एव्हरेस्ट त्या दिवशी ३ सेंटिमीटर नैर्ऋत्येकडे सरकले, उंचीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.

म्हणूनच शांत काळातला '५ मिलिमीटर' हा वेग सरळ पुढे ओढत नेता येत नाही. उंच भागाने कमावलेल्या उचलीपैकी काही भूकंप परत घेतो आणि काही कायमची ठेवतो. हे कायमचे तेवढेच पर्वत बांधायच्या कामी येते.

पर्वताच्या उंचीला काही कमाल मर्यादा आहे का?

आहे, आणि ती मुख्यतः खडकाच्या ताकदीची आहे. फार जाड कवचाच्या तळाशी खडक इतका तापतो, की तो घट्ट काकवीसारखा अतिमंद गतीने वाहू लागतो. वर भार वाढत गेला तर उंची वाढण्याऐवजी पर्वत बाजूंना पसरतो. तिबेटचे पठार सरासरी साडेचार ते पाच हजार मीटर उंचीवर पूर्व-पश्चिम पसरत असल्याच्या खुणा तिथल्या उत्तर-दक्षिण खचदऱ्यांतून स्पष्ट दिसतात. मंगळावरचा ऑलिम्पस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. तो ज्वालामुखी आहे, वली पर्वत नाही; पण तिथले गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्केच असल्यामुळे एवढा डोलारा तिथे पेलला जातो.

आल्प्स, अँडीज यांचेही असेच आहे का?

तत्त्व एक असले तरी तपशील वेगळे आहेत. अँडीजमध्ये दोन भूखंडांची टक्कर झालेली नाही. तिथे नाझ्का हा सागरी भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली जातो, म्हणून त्या रांगेत ज्वालामुखी आहेत आणि हिमालयात नाहीत. आल्प्समध्ये रेटा आता मंदावला आहे, तरी हा पर्वत वर्षाला १-२ मिलिमीटर वर येतो, आणि त्यात झिजेमुळे व शेवटच्या हिमयुगातले बर्फ वितळल्यामुळे हलके होण्याचा वाटा मोठा आहे. माँ ब्लाँ या शिखराची उंची दर दोन वर्षांनी मोजतात. २०२१ मध्ये ती ४,८०७.८१ मीटर होती आणि २०२३ मध्ये ४,८०५.५९. ही घट माथ्यावरच्या बर्फाच्या टोपीतली आहे. खालचा खडक ४,७९२ मीटरवर आहे तिथेच आहे.

सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडचे. तिथल्या सदर्न आल्प्समध्ये काही ठिकाणी उचल वर्षाला १० मिलिमीटरच्या घरात जाते, म्हणजे हिमालयाहूनही जास्त, आणि तरीही सर्वोच्च आओराकी किंवा माउंट कुक फक्त ३,७२४ मीटर आहे. पश्चिमेकडून येणारा प्रचंड पाऊस जवळजवळ तेवढ्याच वेगाने पर्वत धुऊन नेतो. डिसेंबर १९९१ मध्ये त्या शिखराचा माथा एका रात्रीत कोसळला आणि १० मीटर उंची गेली. एक हजार वर्षांची कमाई!

आपला सह्याद्री वली पर्वत आहे का?

नाही. माळशेज किंवा कसारा घाटात गाडी थांबवून समोरच्या कड्याकडे पाहावे. काळ्या खडकाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. कुठेही घडी नाही. हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, म्हणजे भारत आशियाला भिडण्याच्याही आधीचे. सह्याद्री हा दख्खनच्या पठाराचा झिजलेला पश्चिम कडा आहे, आणि १,६४६ मीटरचे कळसूबाई हा त्या पठाराचा झिजेतून उरलेला तुकडा. शाळकरी मुले उत्तरपत्रिकेत सह्याद्रीला हिमालयाच्या रांगेत बसवतात, तेव्हा चूक मुलांपेक्षा एकाही घाटात न थांबलेल्या सहलीची अधिक असते.

नंगा पर्वत फार वेगाने वाढतो म्हणतात. तो एक दिवस एव्हरेस्टला मागे टाकेल का?

नंगा पर्वताच्या परिसरातला खडक हिमालयातल्या सर्वांत वेगाने वर येणाऱ्या खडकांपैकी आहे, यात शंका नाही. आज तो ८,१२६ मीटर आहे, म्हणजे एव्हरेस्टहून सुमारे ७२३ मीटर कमी. त्याची उचल वर्षाला १ मिलिमीटरने अधिक आहे असे धरले, तर त्याला सव्वासात लाख वर्षे लागतील, असे कोणीही कागदावर काढून दाखवेल. मात्र तो वेगाने वर येतो त्याचे एक मोठे कारण असे मानतात, की पायथ्याशी सिंधू नदी त्याला तितक्याच वेगाने पोखरते आहे. नदीचे पात्र आणि माथा यांच्यात सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात जवळपास ७,००० मीटरचा फरक पडला आहे. तिथून निघालेला खडक सिंधूच्या गाळातून अरबी समुद्रात गेला आहे, आणि वरच्या गुणाकारात तो धरलेला नाही.